पंचवीस पोरांचे पागोटे

कान्हे गावच्या मुक्ताबाई भाकऱ्या थापत होत्या, तेवढ्यात शेजारचा गेणू लंगडत दारात आला. महायुद्धाला चौथे वर्ष लागले होते. मुक्ताबाईंचा थोरला बजरंग आणि गेणू एकाच दिवशी पलटणीत गेले होते. गेणू एका पायाने अधू होऊन परतला. बजरंगाचा मात्र 'वीरगती' लिहिलेला सरकारी कागद तेवढा आला.

गेणूने मुंडाशातून एक फोटो काढला. "मावशी, सायबाच्या पेटीतनं आणलाय. दावू का नको, सा म्हैनं झालं जीव खातोय."

फोटोत नदीकाठचा चिखल होता आणि त्यात पडलेली पोरे. सगळ्यांत पुढे बजरंग. त्याचे अर्धे तोंड शाबूत होते. आईला तेवढे पुरले. तव्यावरची भाकरी जळून गेली.

त्या भागात तेव्हा एक रीत पडली होती, आणि रीतसर पाप करायला आपल्याकडे माणसांचा तोटा नसतो. पंचवीस पोरे पलटणीला दिली, की पाटलाला चावडीवर मानाचे पागोटे मिळे. अंबाजी पाटलाची पंचविशी बजरंगापासून सुरू झाली होती आणि येत्या सोमवारी पुरी होणार होती. शेवटच्या बारांत मुक्ताबाईंचा धाकटा नथू होता. लोणावळ्याच्या साप्ताहिकात भावाचा हार घातलेला फोटो पाहिल्यापासून त्याला पलटणीचे वेड लागले होते.

दुसऱ्याच दिवशी मुक्ताबाई त्या साप्ताहिकाच्या छापखान्यात गेल्या. "ह्यो बी छापा," त्या म्हणाल्या.

संपादक त्र्यंबकरावांनी फोटो पाहिला आणि पालथा घातला. "फार बीभत्स आहे, बाई. आमचा अंक घरोघरी जातो. लोकांना बघवणार नाही."

"म्हैन्यामागं वैऱ्याची मढी छापलीत. पाटलानं ती चावडीवर लावली. ती बघवली?"

"ती शत्रूची होती."

"त्यास्नी आया न्हवत्या व्हय?"

शहाणा माणूस अडचणीत आला, की चष्मा पुसतो. त्र्यंबकरावांनीही पुसला. "सोमवारी वीरमाता म्हणून तुम्हीच पाटलांना ओवाळणार ना? तो फोटो छापतो की!"

"येते ओवाळाया," मुक्ताबाई म्हणाल्या आणि फोटो पदरात बांधून उठल्या.

सोमवारी बारा पोरे हार घालून चावडीपुढे उभी होती. पाटील नव्या पागोट्यात बसला होता. त्र्यंबकराव फोटोवाल्याला घेऊन हजर होते. मुक्ताबाई ताट घेऊन आल्या. त्यात निरांजन होते, कुंकू होते आणि मधोमध बजरंग होता.

मुक्ताबाई आधी पोरांच्या आयांकडे गेल्या. त्यांतल्या कस्तुराबाईंनी ताटात वाकून पाहिले, आणि किंचाळून आपल्या पोराचा हार तोडला. मग एकेक आई आपल्या पोराकडे धावली. नथूने पाहिले. "आये, ह्यो आपला दादा?"

"व्हय. नीट बघ. मंग जायाचं तर जा."

नथू जागच्या जागी मातीत बसला.

मुक्ताबाई पाटलापुढे आल्या. त्याने तोंड फिरवले. "अवदसा आठवली का तुला? ने ते!"

"तिकडं न्हाई, हितं बघा पाटील. तुमच्या पागोट्याचा ह्यो पयला पीळ हाय."

आणि त्यांनी त्याला नेमाने तीनदा ओवाळले. मला विचाराल तर त्या बाईने सूड घेतला, आणि फार बरे केले.

बारांतली दोनच पोरे पलटणीला गेली; नथू त्यांत नव्हता. पुढच्या अंकात पाटलाचा फोटो आला आणि 'समारंभ थाटात पार पडला' अशी बातमीही आली. बजरंग आला नाही.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी मुक्ताबाई छापखान्याच्या पायरीवर ताट घेऊन बसतात. अंक घ्यायला जाणाऱ्याला आधी बजरंग पाहावा लागतो. त्र्यंबकरावांनी एकदा हातसुद्धा जोडले. "बाई, आता पुरे करा."

"तुमी छापा, मी उठते."

त्यांनी अजून छापलेला नाही. अंक मात्र दर आठवड्याला निघतो, आणि वाचकहो, तो आपणच विकत घेतो.