उपासाला चालणारी गोळी

मी साखरेची गोळी बोलतेय. निवांत बोलायला सवड नाही. या घडीला मी आश्रुबाच्या तळहातावर आहे, आणि तो मला त्याच्या बायकोच्या, रुक्मिणीबाईंच्या तोंडात घालायला निघालाय. देवाशपथ सांगते, त्यानं तसं करू नये.

कुठल्याशा लांबच्या कारखान्यात पावडर दाबून आम्हा बहिणींना घडवलं, चकचकीत पाकिटात बंद केलं. केजच्या औषधाच्या दुकानातून आम्ही रुक्मिणीबाईंच्या चंचीत आलो, सुपारीच्या शेजारी. साखरेची म्हणतात, पण माझ्यात साखर औषधालाही नाही. "तोडायचा साखर कारखान्याचा ऊस, अन् खायाची साखरेची गोळी!" म्हणून शेजारच्या खोपीतली छबुबाई हसायची.

पोटात स्वादुपिंड असतं. त्याला मी डिवचते, इन्सुलिन सोडायला लावते, मग रक्तातली साखर उतरते. माझ्या जोडीला दुसऱ्या पाकिटातली मेटफॉर्मिन असते. ती यकृताला आवरते, जास्तीची साखर रक्तात सोडू देत नाही. तिच्यापायी सुरुवातीला पोट गुरगुरलं, ढाळ लागले, तोंडाला लोखंडाची चव आली. उसाच्या फडात ना आडोसा, ना पाणी. बाई रडकुंडीला आली होती. पण एकटी असली तर मेटफॉर्मिन सहसा साखर तळाला नेत नाही. मी नेते. पोटात भाकर आहे की नाही हे मला कळतच नाही, मी आपली स्वादुपिंडाला डिवचत राहते.

केजच्या डॉक्टरांनी आश्रुबाला बजावलं होतं, "जेवणाआधी गोळी चुकवू नका, आणि साखर विष समजा." दवाखान्यात खच्चून गर्दी होती. जेवणही चुकवू नका, एवढं सांगायचं राहून गेलं. आश्रुबानं मात्र ऐकलेलं काळजावर कोरून घेतलं. पुतण्याच्या लग्नात त्यानं बायकोच्या पत्रावळीतली बुंदी स्वतःच्या हातानं उचलली. बाया फिदीफिदी हसल्या, तरी त्यानं ऐकलं नाही. त्याची माया ही अशी आहे.

औंदा पावसानं दडी मारली, विहिरीनं तळ दाखवला. ऊसतोड्यांची टोळी माजलगावकडे सहकारी कारखान्याच्या तोडीला आली. रुक्मिणीबाईंनी सोमवार धरला, तोही निरंकार, दिवसभर पोटात कण घ्यायचा नाही; पाऊस पडेपर्यंत सोडायचा नाही. गोळी मात्र चुकवायची नाही. "औषिदानं उपास मोडत न्हाई," ती म्हणायची. मागचे सोमवार कसेबसे निभावले, नुसती चक्कर येऊन गेली.

आज सोमवार आहे. सकाळी माझी एक बहीण घोटभर पाण्याबरोबर रिकाम्या पोटात गेली, आणि बाईनं कोयता उचलला. ऊन चढलं तसे हात थरथरायला लागले. अंगाला दरदरून घाम सुटला. भलतंसलतंच बडबडत ती मोळीवर बसली आणि कलंडली. डोळे उघडे आहेत, ओठ हलतात. "अवो... ऊस... ऊस द्या," एवढंच म्हणते.

छबुबाई कांडं सोलत धावत आली. "भाऊ, मागती तर चोखू द्या की!"

"खुळी का काय तू? साखर वाढली हाय तिची! बघ, असं असून बी तिला ग्वाडच पायजे!"

"वाढली कशी? पोटात कण न्हाई बाईच्या!"

"सकाळची गोळी कमी पडली आसंल. आजून एक देतो." असं म्हणून त्यानं चंची उसकटली, पाकीट फोडलं, आणि मी त्याच्या हातावर पडले.

आश्रुबा, अरे उलटं आहे रे बाबा! तिची साखर वाढली नाही, तळाला गेलीय. विष आज ऊस नाही, विष मी आहे. अजून तिला शुद्ध आहे, अजून ती गिळते आहे, तोवर कांडं चोखू दे. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालताही यायचं नाही. आणि सावरली तरी जीप बघून दवाखान्यात ने, कारण सकाळची माझी बहीण अजून पोटात आहे, ती पुन्हा साखर पाडील.

मी ओरडते आहे, पण गोळीला आवाज कुठला? चहूकडं डोक्याएवढा ऊस उभा आहे, आणि ही बाई साखरेवाचून चालली आहे.

छबुबाई, धर त्याचा हात. भांड त्याच्याशी, कच्चून भांड!

त्याची बोटं तिच्या ओठांशी आली. रडतोय तो. आश्रुबा, मला टाक मातीत. त्या दिवशी बुंदी उचललीस ना तिच्या पानातली? आज तुझ्याच हातानं तिला गोड भरव.