नॅनोगुरूंचा डाग

हॉलमधल्या खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या, तरी माणसं येतच होती. भिंतीला टेकून, दाराच्या चौकटीत, जिथे पाय ठेवायला जागा मिळेल तिथे लोक माना उंचावून उभे होते. मंचावर पांढऱ्या कोटातले एक गुटगुटीत गृहस्थ हात पसरून बोलत होते. त्यांना सगळे नॅनोगुरू म्हणत. कोट डॉक्टरचा होता, आवाज मात्र लिलाव पुकारणाऱ्याचा.

"मंडळी, शरीरातलं विष दिसत नाही म्हणून आपण गाफील राहतो. आज मी ते दाखवणार!" पहिल्या रांगेतल्या बाईंच्या मनगटावर त्यांनी बाटलीतला तपकिरी थेंब पसरवला. "हे झालं विष. आणि हा वनस्पतींचा नॅनो अर्क! एकेक कण इतका बारीक, की कातडीतून थेट रक्तात!"

त्यांनी मलम चोळलं आणि बघता बघता डाग नाहीसा झाला. टाळ्यांनी हॉल दणाणला. सगळ्यात जोरात टाळ्या आत्याच्या होत्या, आणि तिच्या शेजारी बसलेली भाची दातओठ खात होती.

भाची प्रयोगशाळेत नेमकं हेच काम करायची. चहाच्या पानांचा अर्क चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत भरायचा आणि कातडीच्या आत पोचवायचा. पण बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही, हेच तर कातडीचं काम! कितीही डोकं लढवलं तरी बराचसा अर्क वरच्या मेलेल्या थरातच अडकून बसायचा. इथे वर्षानुवर्षं घाम गाळून चिमूटभर यश, आणि हे महाशय चुटकीसरशी रक्तात!

ती हसून सोडून देऊ शकली असती. पण आत्याच्या पोटरीवरचा काळा डाग पसरत चालला होता. कर्करोग असू शकतो, लवकरात लवकर कापून तपासायला हवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आत्याने शस्त्रक्रियेला येत नाही म्हणून परस्पर कळवून टाकलं होतं.

"अगं, असे कण आम्ही करतोय म्हणून तूच तर सांगायचीस," आत्या कुजबुजली. "तुला नाही जमलं, त्यांना जमलं. एवढं मनाला लावून घेऊ नये."

भाचीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती ताडकन उठली, चहाच्या टेबलावरून एक बशी आणि लिंबाची फोड उचलली आणि मंचावर चढली. नॅनोगुरूंना वाटलं, आणखी एक भक्त मिळाली. त्यांनी हसून बाटली पुढे केली. वास ओळखीचा होता. जखमेला लावायचं आयोडीन!

तिने ते बशीवर फासलं, वर मलम चोळलं. डाग गेला.

"बशीला रक्त असतं का हो?" तिने विचारलं. "मग इथे काय कुठे शिरलं?"

मग मागून एक निवृत्त बँकवाले ओरडले, "वा! बशीलासुद्धा गुण आला!"

पुन्हा टाळ्या. भिंतीवर डोकं आपटून घ्यावं, असं भाचीला वाटलं. तिने पुन्हा आयोडीन फासलं आणि त्यावर लिंबू पिळलं. तोही डाग फिका होत होत गेला.

"सी जीवनसत्त्व लागलं की आयोडीनचा रंग उडतो. ते लिंबात असतं, आणि या मलमात घातलंय. एवढीच काय ती जादू! ना ते विष, ना हा चमत्कार!"

"मग मी घरी लिंबूच चोळलं तर चालेल का गं?" पहिल्या रांगेतल्या बाईंनी अगदी मनापासून विचारलं.

"पाहिलंत?" नॅनोगुरूंना चेव चढला. "पुस्तकी लोकांच्या पोटात दुखतंय!"

भाचीने हॉलचा नाद सोडला. "आत्या, बाकीचे गेले खड्ड्यात. मी तुझ्यासाठी बोलतेय. त्यांनी घालवला तो डाग त्यांनीच लावलेला होता. तू घरून आणलायस तो दाखव. म्हणावं, हा घालवा."

आत्या सावकाश मंचावर आली. तिने पोटरी उघडी केली. नॅनोगुरू पाऊलभर मागे सरकले.

"ताई, याला जरा वेळ द्यावा लागतो. मनात विश्वास..."

"मघाशी तर मिनिटात होत होतं," आत्या म्हणाली. "लावा की. मी थांबते."

त्यांनी मलमाची डबी उचलली नाही. घड्याळाकडे बघितलं. या वेळी टाळी वाजली नाही.

"महिनाभर लावतेय मी हे," आत्या पोटरीकडे बघत म्हणाली. "वाढलाय तो. मला दिसत होतं गं. पण कापायची भीती वाटते."

भाचीचा राग कुठल्या कुठे गेला. "भीती मलाही वाटतेय. आपण दोघी जाऊ." तिने तिथूनच दवाखान्यात फोन लावला. एक महिना फुकट गेला होता. तो किती महागात पडेल, हे तपासणीशिवाय कुणीच सांगू शकत नव्हतं.

आणि त्या दोघी बाहेर पडताना दाराशी मलमासाठी रांग लागली होती! काय म्हणावं या लोकांना? निदान तुम्ही तरी, अशा हॉलात कधी जाऊन बसलात तर, त्यांनी लावलेल्या डागाकडे बघून टाळ्या पिटू नका. स्वतःचं दुखणं पुढे करा आणि ते बरं झालं का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि झालं नसेल, तर भीती वाटली तरी डॉक्टरकडे जा. आजच जा.