अंगठ्यावरचं सोल्यूशन

तो माउस दादानेच आणला होता, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर आमच्या घरात सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटतं.

आमचा बुटांचा कारखाना. कारखाना कसला, तीन खोल्या आणि अकरा माणसं. पण बाबांनी काढलेल्या नमुन्यांना तोड नव्हती. ते चाळीस वर्षांचे नमुने मी कागदावरून कॉम्प्युटरवर चढवले, आणि एखादा कामगार ते पळवेल या धास्तीने दादाने अंगठा ओळखणारा माउस आणला.

वायर जोडून, सूचनांचा कागद दोनदा वाचून त्याने बाबांना हाक मारली. बाबा बुटाला तळ चिकटवत होते. सोल्यूशन लावायला त्यांना ब्रश चालायचा नाही, अंगठाच लागायचा. त्यामुळे अंगठ्यावर वाळलेल्या सोल्यूशनची पिवळट साल कायमची.

"हात तरी धुऊन या," दादा म्हणाला.

"काम अर्धं टाकून? बोल लवकर, कुठे ठेवू?"

माउसच्या कडेला, अंगठा टेकतो तिथेच, नखाएवढी काळी काच होती. ठेवा, उचला, ठेवा, उचला. पडद्यावरचं अंगठ्याचं चित्र रेघेरेघेने भरत गेलं आणि माउसवर हिरवा दिवा लागला.

"आता माझा घेऊ," दादा म्हणाला.

"एक पुरे," बाबा म्हणाले. पासवर्डही त्यांनीच टाकला, आम्हा दोघांना पाठ फिरवायला लावून. दादाचं तोंड तेव्हा पाहण्यासारखं झालं होतं. कारखाना विकून मोकळं व्हायचं खूळ त्याच्या डोक्यात होतं, ते बाबांना पक्कं ठाऊक होतं. "मी असेपर्यंत नाही," एवढंच ते म्हणायचे, आणि आता त्यांनी तसा बंदोबस्तच करून टाकला.

मग बाबांना झटका आला. पाय गेले, वाचा गेली. शुद्ध आणि हात तेवढे राहिले. दवाखान्यातून घरी आणून आठवडा होतो न होतो तोच दादाने एक मोठी कंपनी गाठली. कंपनीला आमच्या खोल्या नको होत्या, माणसं तर नकोच होती. नमुने हवे होते, तेही बुधवारपर्यंत.

मंगळवारी सकाळी त्याने कॉम्प्युटर उचलून बाबांच्या खाटेशी आणला. बाबांनी बघितलं, समजले आणि भिंतीकडे तोंड केलं. दादाने त्यांचं मनगट पकडून अंगठा काचेवर दाबला. लाल दिवा. पुन्हा दाबला. लाल. चार वेळा झालं तसा तो चिडला.

"म्हातारा मुद्दाम करतोय! अंगठा वाकडा धरतोय!"

अंगठा वाकडा धरत नव्हते, पार सैल सोडला होता त्यांनी. मला खरी गोम लगेच कळली. दवाखान्यात आणि मग घरीही नर्सने रोज स्पिरिटने पुसून तो अंगठा गुळगुळीत गोरा केला होता. माउसने हा अंगठा कधी पाहिलाच नव्हता. त्याची ओळख होती सोल्यूशन लागलेल्या अंगठ्याशी.

मी गप्प बसू शकले असते. बुधवार उलटून गेला असता, कंपनी दुसरीकडे गेली असती. पण दादापेक्षा शहाणं ठरायची मला मेलीला लहानपणापासून हौस!

"अरे मठ्ठा," मी म्हणाले, "सोल्यूशनचा डबा आण."

डबा उघडला आणि खोलीभर तो उग्र वास पसरला. बाबांचं तोंड भिंतीकडून वळलं. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि अंगठा पुढे केला. स्वतःहून! त्यांना वाटलं, आपण कामाला लागतोय.

मी सोल्यूशन लावलं. वाळावं म्हणून फुंकर घातली. बाबांनी अंगठा काचेवर ठेवला, उचलला, पुन्हा नीट ठेवला. हिरवा दिवा लागला.

पडद्यावर त्यांच्या शेवटच्या बुटाचा नमुना उघडला. बाबा बोट हवेत फिरवून काहीतरी दाखवू लागले. नाक जरा रुंद कर, असं.

"हो हो, करतो," दादा म्हणाला आणि सगळं पेन ड्राइव्हवर उतरवत राहिला. दहा मिनिटांत उरकलं. मग त्याने कॉम्प्युटर, माउस, वायर सगळं खोक्यात भरलं आणि शीळ वाजवत निघून गेला. बाबा दाराकडे बघून हसत होते. संध्याकाळी नर्स हात पुसायला आली, तर त्यांनी अंगठा मुठीत लपवला. उद्याही लागणार होता ना.

बुधवारी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर ते उशीला टेकून बसले होते, हात पांघरुणावर काढून. त्यांनी माझ्यामागे पाहिलं. कोणी नव्हतं.

"आज सुट्टी आहे बाबा," मी म्हणाले.

आमच्या कारखान्याला बुधवारी कधी सुट्टी नसते. बाबा माझ्याकडे बघत राहिले, मी नजर चुकवेपर्यंत. मग डाव्या हाताच्या नखाने त्यांनी अंगठ्यावरची साल सोलायला घेतली. बराच वेळ लागला. मी मदत करायला पुढे झाले तर कोपराने ढकललं.

साल अख्खी निघाली. त्यांनी माझा हात ओढला, ती माझ्या तळव्यावर ठेवली आणि माझी बोटं एकेक करून मिटवली.