फ्रित्तेल्लींच्या घरची पाटी

मित्रांनो, सिनेमाच्या चित्रीकरणात प्रत्येक दृश्याआधी एक माणूस कॅमेऱ्यासमोर पाटी धरतो, तिच्या डोक्यावरची फळी खाडकन आपटतो आणि बाजूला पळतो. ती पाटी म्हणजे मी. रोममध्ये माझ्या जातीला 'च्याक' म्हणतात, कारण आमचा आवाज तसाच येतो. वयाची पंच्याऐंशी वर्षे मी ओलांडली आहेत, पण आवाज अजून खणखणीत आहे, हे मी जरा तोऱ्यातच सांगते.

माझा जन्म तुस्कोलाना रस्त्यावरच्या एका स्वयंपाकघरात झाला. नाझारेनो फ्रित्तेल्ली हा कॅमेरामन होता. त्याला पाटी हवी होती, म्हणून त्याने कपाटाचा अक्रोडी खण ओढून काढला आणि त्यावर करवत चालवली. त्याची बायको एर्सिलिया बाजारातून परतली तेव्हा सगळे काटे-चमचे जमिनीवर लोळत होते.

"नाझारे, चमचे आता कुठे ठेवू? तुझ्या टोपीत?"

"टोपीत माझं डोकं असतं."

"मग काय, जागाच जागा आहे!"

त्याने माझ्यावर तीन ओळी आखल्या. सिनेमाचे नाव, दिग्दर्शकाचे नाव आणि दृश्याचा क्रमांक. कॅमेरामनसाठी ओळ ठेवली नाही. आपले काम पडद्यावर दिसते, तेवढे पुरे, असे तो म्हणायचा. काम मात्र खरोखर बघण्यासारखे होते. काचेवर डोंगर रंगवून तो खरा भासवायचा, घमेल्यात समुद्र उसळवायचा, आणि एकदा तर त्याने बाजारातल्या ब्रोकोलीचे घनदाट जंगल केले. चित्रीकरण संपल्यावर त्या जंगलाची भाजी झाली.

एर्सिलिया संकलनाच्या खोलीत बसायची. फिल्म कापायची आणि जोडायची. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला मी असायचे, आणि ती मला कात्रीने कापून टोपलीत टाकायची. मला त्याचा राग आला नाही. पाटी पडद्यावर दिसून चालत नाही.

त्यांचा मुलगा लिव्हिओ याच दोघांच्या हाताखाली शिकला. एकसष्ट साली त्याला पहिला सिनेमा मिळाला. भुताचा सिनेमा होता आणि तो बारा दिवसांत उरकायचा होता. निर्माते सिन्योर बाल्दुच्ची पहिल्या दिवशी सेटवर आले आणि माझ्यावरचे नाव वाचून मटकन खुर्चीत बसले.

"लिव्हिओ फ्रित्तेल्ली? अरे, फ्रित्तेल्ली म्हणजे भजीवाले! पोस्टर वाचून लोकांना भूक लागेल, भीती कशी वाटणार?"

"आमचं आडनाव आहे ते," लिव्हिओ म्हणाला.

"घरी ठेव. भुतं काय ती इंग्रजांची. आजपासून तू वॉल्टर नाइट."

लिव्हिओने बापाकडे पाहिले. नाझारेनोने मला ओल्या फडक्याने पुसले आणि नवे नाव लिहिले. आता हा 'नाइट' शब्द इंग्रजीत किती वेडावाकडा लिहितात ते तुम्हाला शाळेत कळलेच असेल. सुरुवातीला एक अक्षर लिहायचे पण म्हणायचे नाही, मध्ये आणखी दोन तशीच. नाझारेनोला इंग्रजीचा गंध नव्हता. त्याने कानाला ऐकू आले तसे चार अक्षरांत लिहून टाकले. पोस्टर रंगवणाऱ्याने माझ्यावरूनच नाव उतरवले. सिनेमा गावोगावी चालला, लोक किंचाळत बाहेर पडले, आणि चूक दुरुस्त करायची सोय राहिली नाही. एका फ्रेंच समीक्षकाने तर ते स्पेलिंग पाहून हे गृहस्थ मूळचे हॉलंडचे असावेत असा शोध लावला.

पुढची दहा वर्षे माझी भरभराटीची होती. नऊ सिनेमे झाले, सगळ्यांचा कॅमेरा नाझारेनोचा आणि कात्री एर्सिलियाची. भुते, चेटकिणी, मेणाची डोकी, सगळ्यांच्या आधी मी वाजले. लिव्हिओला मान मिळाला, पण तो त्या हॉलंडच्या गृहस्थाला मिळाला. घरच्या टेबलावर कात्रणे आली की नाझारेनो ती डोळ्यांजवळ धरून वाचायचा आणि घडी घालून ठेवायचा. एकदा त्याने फक्त एवढेच विचारले, "आपलं नाव कुठे छोट्या अक्षरांत नाही का रे?"

दुसऱ्या कुणी विचारले असते तर लिव्हिओने हसण्यावारी नेले असते. पण तेव्हा नाझारेनोला काचबिंदू झाल्याचे कळले होते. डॉक्टरांनी सांगितले होते की वर्षभर दिसेल, फार तर दीड वर्ष. तो अजून सेटवर यायचा, पण आता खुर्चीत बसून मला मांडीवर धरायचा.

लिव्हिओ बाल्दुच्चींकडे गेला. मीही पिशवीत होते. निदान कॅमेऱ्याच्या करामती करणाऱ्याचे खरे नाव तरी द्या, असे त्याने विनवले.

"एक इटालियन नाव दिसलं की सगळं बिंग फुटेल," बाल्दुच्ची म्हणाले. "बापाला माझा नमस्कार सांग."

तेव्हा चालू असलेल्या सिनेमाच्या शेवटी स्मशानातले एक दृश्य होते. धुके सरते आणि एक कबर उघडते. सगळी भीती तिथे साठवलेली होती. ते चित्रीकरण होते त्या दिवशी त्याने बापाला जेवायला घरी पाठवले आणि मला स्वतः वाजवले. मी समोर पाहिले. प्लायवुडच्या त्या कबरीवर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिले होते: नाझारेनो फ्रित्तेल्ली. एवढी मोठी अक्षरे मंद नजरेलाही दिसली असती.

फिल्म एर्सिलियाकडे आली. तिने ती पाहिली आणि आधी लोखंडी टेबलाला हात लावला, कारण आमच्याकडे अपशकुन असाच टाळतात.

"मेल्या! बाप जिवंत आहे ना तुझा?"

"आई, नाव लावायला दुसरी जागाच नव्हती. लोक हसले तर माझा सिनेमा गेला, मला ठाऊक आहे. पण त्यांना वाचू दे एकदा."

"किती वेळ ठेवलंयस?"

"दोन सेकंद."

"दोन सेकंदांत त्याला स्वतःची चप्पल सापडत नाही," ती म्हणाली. तिने त्याच दृश्याचा जास्तीचा तुकडा जोडला आणि दोनाची सहा सेकंदे केली.

सिनेमा लागला त्या रविवारी दुपारच्या खेळाला तिघे गल्लीतल्या थिएटरात गेले. मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होते, पण परत आल्यावर तिघेही एकदमच बोलत होते, त्यामुळे मला सगळे कळले. धुके सरले, कबर दिसली, थिएटर चिडीचूप झाले, आणि गॅलरीतून कोणीतरी ओरडले, "अरेरे, भजीवाले गेले!" सगळे थिएटर खदाखदा हसले. भीतीचे पार वाटोळे झाले. नाझारेनो मात्र खुर्चीतून उठून उभा राहिला होता. त्याने एकेक अक्षर मोठ्याने वाचले, आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगितले, "तो मीच."

बाल्दुच्चींनी लिव्हिओला पुन्हा काम दिले नाही. नाझारेनो पुढे सात वर्षे जगला, त्यातली सहा अंधारात. त्याच्यानंतर लिव्हिओने माझ्यावर स्वतःचे खरे नाव लिहून एक सिनेमा केला. तो चार दिवस चालला. मग मी खिळ्यावरच राहिले. फळीची बिजागरी गंजली, कोपऱ्यात वाळवी लागली, आणि कोणी बघायला आले नाही.

बऱ्याच वर्षांनी जुने सिनेमे शोधणारी तरुण मंडळी घरी आली. एका समारंभात लिव्हिओचा सत्कार झाला. त्याने मला स्वच्छ पुसून सोबत नेले आणि बापाविषयी इतके छान बोलला की लोक उभे राहिले. नव्वदीची एर्सिलिया पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती. घरी येऊन बूट काढताना ती हसत म्हणाली, "सगळं बरोबर बोललास. पण लिव्हिओ, मी काय करत होते रे एवढी वर्षं?"

लिव्हिओने मला टेबलावर ठेवले. पन्नास वर्षांत तिचे नाव कुठेच आले नव्हते, कबरीवरही नाही. मित्रांनो, मलाही ते कधी सुचले नव्हते, याची मला लाज वाटते. तो म्हणाला, "आई, सिनेमाची नवी प्रत निघतेय. तिच्यात तुझं नाव अगदी वर घालतो." त्याने शब्द पाळला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये नवी प्रत आली आणि एर्सिलियाचे नाव पडद्यावर झळकले. ती फेब्रुवारीत गेली होती.

तुमच्याही घरात असे कोणीतरी असेल. त्याचे नाव त्याला वाचता येते आहे तोवर लिहा. मोठा पडदा कशाला हवा? सत्कारावरून परतलो त्या संध्याकाळी मी एर्सिलियासमोर टेबलावरच होते, पुसलेली, कोरी, आणि खडू माझ्या शेजारी पडला होता.