जिभाळ्यांचा निकाल

"बाबा, आज कशालाही जीभ लावायची नाही," लेकीने दारातच बजावलं. "शपथ घ्या."

घेतली बिचाऱ्याने. जुन्या बरण्यांच्या बाजारात त्यांना सगळे जिभाळे म्हणत, आणि उगाच नाही. दगडासारखी पक्की भाजलेली बरणी जिभेला चिकटत नाही, कच्ची नक्कल चिकटते. म्हणून हा गृहस्थ बरणी उलटी करायचा, बुडाला जिथे झिलई नसते तिथे जीभ टेकवायचा आणि निकाल द्यायचा. चाळीस वर्षांत एकदाही खोटा निकाल दिला नव्हता. सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा नाही. मेव्हणा अजून बोलत नाही.

आज लेकीच्या होणाऱ्या सासरी पहिली भेट. मुलगा तिला मनापासून आवडलेला, पण त्याचे वडील महा तापट. त्यांच्या मनातून माणूस उतरला की कायमचा उतरला.

जिभाळे शहाण्यासारखे बसले होते हो! पण समोरच्या काचेच्या कपाटात ती दिसली आणि त्यांचा जीव वरखाली व्हायला लागला. हातभर उंचीची तपकिरी बरणी, पोटावर काळी अक्षरं: 'मिशीवर्धक तेल. आज लावा, उद्या पीळ भरा! पुलापलीकडे मिळणार नाही.'

अशा जाहिरातीसाठी तर शौकीन मंडळी जीव टाकतात. मोठ्या शहरातले दुकानदार बरण्या हजारांनी छापून घेत, आडगावच्या दुकानाच्या पन्नासही निघत नसत. जितकं गाव लहान, तितका भाव मोठा.

"माझ्या आजोबांचं दुकान!" मुलाचे वडील मिशीवर हात फिरवत गरजले. "शंभर वर्षांची आहे. तुम्ही जाणकार, नीट बघून ठेवा. तोवर मी सूनबाईंना घर दाखवतो."

सगळे आत गेले. जिभाळे आणि बरणी, दोघंच उरले. कसली शपथ आणि कसलं काय! त्यांनी बरणी उलटी केली, डोळे मिटले, जीभ टेकवली.

चिकटली.

डोळे उघडतात तर दारात मुलाची आई, हातात चहाचा ट्रे.

"कळलं ना?" बाई कुजबुजल्या. "खरी माझ्या हातून फुटली. बारा वर्षं झाली. ही कुंभाराकडून गुपचूप करून आणली. रोज पुसताना छातीत धडधडतं हो! यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील."

तेवढ्यात मंडळी परत आलीच. "काय मग, अस्सल ना?"

बाई ट्रे घेऊन तिथेच अडल्या होत्या. लेक बापाच्या तोंडाकडे बघत होती. जिभाळ्यांना आपली चाळीस वर्षं आठवली, मेव्हणा आठवला. मरो तो मेव्हणा! लेकीपेक्षा का निकाल मोठा?

"अस्सल!" ते म्हणाले. आणि एकदा तोंड सुटल्यावर आवरतंय कशाला? "अहो, माझ्या अख्ख्या संग्रहात हिच्या तोडीची एक नाही!"

व्याह्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी जिभाळ्यांना मिठीच मारली. "मग ही तुमच्याकडेच शोभेल! कपाटात मधोमध ठेवा. दर रविवारी येईन मी बघायला. आणि बाजारातल्या तुमच्या जाणकारांनाही बोलवा, चाटू दे सगळ्यांना!"

जिभाळे नको नको म्हणेपर्यंत विहीणबाईंनी बरणी जुन्या चादरीत बांधूनसुद्धा टाकली होती.