कल्हई उडालेला टोप

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलंच नसेल. पाहिलं असेल, तर माझ्यात छत्र्या तरी असतील नाहीतर कांदे-बटाटे. मी टोप आहे. चांगला जाड पितळेचा, दोन माणसांनी दोन बाजूंनी धरून उचलावा एवढा. वय विचाराल तर माझ्या मालकीणबाई आक्काबाईंच्या लग्नाइतकं. हल्ली मोठ्या हॉटेलांच्या दारात माझ्या भाऊबंदांना मांडून ठेवतात आणि त्यांच्यात फुलं तरंगवतात. मला तसली हौस नाही. मी खाण्यापिण्याचं भांडं आहे, आणि गेल्या उन्हाळ्यात माझ्यातलंच पिऊन माणसांच्या जिवावर बेतायची वेळ आली होती. ती गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पुण्यातल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. घडवून झाल्यावर त्याने मला आतून कल्हई केली. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. पितळेत ताक, चिंच, कैरी असलं काही आंबट ठेवलं, की ते कळकतं. म्हणजे पितळ त्यात उतरतं, चव बिघडते, आणि पोटात गेलं तर विषासारखं बाधतं. कल्हई असली की ही भीती नाही. ती दिसायला करडी, पांढरट. काही बघण्यासारखी नाही. पण माणूस आणि माझ्यातलं पितळ यांच्यामध्ये तेवढाच एक पडदा असतो.

आक्काबाईंबरोबर मी मोशीला आलो. तेव्हा त्यांची शेतं इंद्रायणीच्या कडेला होती आणि चैत्र लागला की माझी वर्णी लागायची. आक्काबाई ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवायच्या. सकाळी ते उकळत्या पाण्यात सोडून, गुठळी होऊ न देता शिजवायच्या. पुरतं निवलं की त्यात आणखी ताक, ठेचलेला लसूण, जिरं आणि मीठ. मग माझ्याभोवती ओलं फडकं गुंडाळून मला सावलीत, वाऱ्याच्या झोताला ठेवायच्या. दुपारी मळणीवरची माणसं घामाने निथळत यायची आणि ती गारेगार आंबील भांडंभर पिऊन जागच्या जागी आडवी व्हायची. मला तेव्हा फार मान होता. उन्हाळ्याआधी कल्हईवाला दारात यायचा, भात्याने विस्तव फुलवायचा आणि मला आतून पुन्हा पांढरा करून जायचा. आक्काबाई त्याच्याशेजारी उकिडव्या बसून वाकून वाकून बघायच्या. एवढीशी जागा सुटली तरी त्या त्याला सोडत नसत.

मग शेतात इमारती उभ्या राहिल्या. आम्ही चौथ्या मजल्यावर राहायला गेलो. घरात स्टीलचे डबे आले. ना रंग ना रूप, पण पडले तरी आवाज केवढा! कल्हईवाला यायचा बंद झाला आणि मी बाल्कनीत कांदे सांभाळत बसलो. राग यायचा, खोटं कशाला बोलू?

आक्काबाईंचा मुलगा अजिंक्य चाकणला फाउंड्रीत कामाला आहे. तिथे लोखंड वितळवून ओततात. त्याची बायको पूनम निगडीची, हौशी आणि हाताला चव असलेली. उन्हाळा सुरू झाला की तिची गार सूपं सुरू व्हायची. कधी काकडी, दही आणि पुदिना घुसळून, तर कधी कलिंगड आणि टोमॅटोचं, वर मिरपूड घालून. आक्काबाईंकडून ती आंबील शिकली, त्यात किसलेली काकडी आणि कैरी घातली आणि तिलाही गार सूप म्हणू लागली.

"सूप म्हणं!" आक्काबाई हसायच्या. "आंबील हाय ती. नाव बदललं म्हून काय चव बदलतीय व्हय?"

गेल्या एप्रिलमध्ये अजिंक्यच्या फाउंड्रीत ज्योतीराम नावाचा लातूरकडचा कामगार भट्टीजवळ चक्कर येऊन पडला. तो शुद्धीवर आल्यावर अजिंक्यने त्याला आपल्या बाटलीतली आंबील पाजली. ज्योतीरामला हुशारी आली आणि सगळे बाटलीकडे बघू लागले. शेवटी धनेश सुपरवायझर म्हणाले, "अजिंक्य, एक दिवस आपल्या शिफ्टच्या साठही जणांसाठी आण की राव. बघू, पोरांना सोसतंय का."

पूनमला आभाळ ठेंगणं झालं. पण एवढी आंबील ठेवायची कशात? घरातले डबे पुरेनात. शिवाय तिचा एक नियम होता: आंबिलीत बर्फ टाकायचा नाही, ती पाणचट होते. भांडंच बर्फात बसवायचं. धातूचं मोठं भांडं असेल तर लवकर गार होतं. तिची नजर बाल्कनीत गेली. इतक्या वर्षांनी माझी आठवण झाली म्हणून मी हरखून गेलो.

आक्काबाई तेव्हा पिंपळे गुरवला बहिणीकडे गेल्या होत्या. पूनमने मला बाथरूममध्ये नेलं. बाहेरून चिंच-मीठ लावून चोळलं, तेव्हा अंगावरचा वर्षानुवर्षांचा काळेपणा उतरला आणि मला फार बरं वाटलं. मग ती आत वाकली. आत माझी कल्हई अजून बरीच शिल्लक होती. जुनी, करडी, डागाळलेली.

"अगंबाई, केवढा मळ साचलाय!" असं म्हणून तिने तारेची घासणी घेतली.

मित्रांनो, ती मनापासून घासत होती. साठ माणसांच्या पोटात जाणार, भांडं कसं लख्ख हवं, याच काळजीने घासत होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की तो मळ नाही. मी पोकळ भांडं, ठण्ण वाजण्यापलीकडे मला काय येतं? मी वाजलो. तिने आणखी जोर लावला. थोड्या वेळात मी आतून पिवळाधमक झालो.

अजिंक्य दारातून बघत म्हणाला, "आयला, सोन्याचा केलास की टोप!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्टीलच्या पातेल्यांत शिजवून निववलेली आंबील माझ्यात ओतली. ताक, कैरी, काकडी, पुदिना. वास असा सुटला, की शेजारीण डोकावून गेली. अजिंक्य शिफ्टला पुढे गेला होता. कॅन्टीनची गाडी मोशीवरूनच जाते, ती मला घेऊन निघाली. कंपनीत मला बर्फाच्या टबात बसवलं आणि वर ताट झाकलं.

झाकणाखाली अंधार होता आणि माझ्या अंगाला चुणचुण सुरू झाली. आंबट माझ्यात शिरत होतं आणि मी त्यात उतरत होतो. थोडं थोडं, पण थांबत नव्हतं. बाहेर भट्टीचा घरघराट, लोखंड ओतल्याचा फुत्कार, माणसांची हाकाहाक. ही उन्हाने आणि आगीने आधीच अर्धी झालेली माणसं. सुट्टीचा भोंगा वाजला की ती माझ्याकडे धावणार होती. भोंगा वाजूच नये, असं मला वाटत होतं.

तो वाजला.

रांग लागली. ताट उचललं गेलं. कुणी म्हणालं, "भावा, नुसत्या वासानंच गार वाटलं!" अजिंक्यने पळी बुडवली आणि पहिला ग्लास ज्योतीरामसमोर धरला. ज्योतीरामने तो दोन्ही हातांत घेतला. त्याचे ओठ सुकून फुटले होते. ग्लास तोंडापाशी गेला आणि अजिंक्यने त्याचा हात धरला.

"थांब. आधी मी चव बघतो. काही कमी-जास्त असेल तर पूनम मला घरात घेणार नाही."

त्याने तोच ग्लास घेऊन दोन मोठे घोट घेतले. कपाळाला आठी पडली.

"जरा कळकट लागतंय का? का कैरी तुरट आहे?"

"चाल की अजिंक्य भाऊ," मागून ओरडा झाला. "जीव जायलाय इथं, तू चव कशाची बघायलास!"

अजिंक्यने खांदे उडवले आणि पुन्हा पळी बुडवली. मला वाटलं, संपलं आता सगळं.

तेवढ्यात दारात गलका झाला. वॉचमन "मॅडम, पास! मॅडम!" करत मागे धावत होता आणि पुढे पूनम होती. चेहरा लालबुंद, ओढणी सुटलेली. नंतर मला कळलं, की मी किती छान चमकतो हे सांगायला तिने आक्काबाईंना फोन केला होता. "आई, आतूनसुद्धा सोन्यासारखा झालाय," म्हणाली, आणि पलीकडून आक्काबाई किंचाळल्या होत्या. भट्टीजवळ कामावर फोन नेता येत नाहीत, अजिंक्यचा फोन लॉकरमध्ये नुसता वाजत राहिला. तेव्हा ती स्कूटर काढून हायवेच्या भर ट्रॅफिकमधून चाकणला आली होती.

"पिऊ नका!" ती ओरडली. "कुणी पिऊ नका!"

आणि कुणी काही विचारायच्या आत तिने मला काठाला धरून सगळा जोर लावला. मी टबासकट कलंडलो. सगळी आंबील भळाभळा जमिनीवर वाहिली आणि नालीकडे निघाली. तहानलेली माणसं तिच्याकडे बघत राहिली.

"कामून सांडायलात, वहिनी?" ज्योतीरामला रडू यायचंच बाकी होतं.

पूनमला धाप लागली होती. "मी चुकले. टोपाची कल्हई मी घासून काढली. मळ समजून. हे विष झालंय." एवढ्यात तिचं लक्ष अजिंक्यच्या हातातल्या अर्ध्या ग्लासाकडे गेलं. "तुम्ही प्यायलात?"

अजिंक्य पोट धरून खाली बसला आणि ओकू लागला.

त्याला उचलून कंपनीच्या दवाखान्यात नेलं, तिथून गाडीने मोठ्या हॉस्पिटलात. मी नालीशेजारी आडवा पडून राहिलो. कुणी मला हात लावेना, कुणी काही सांगेना. भट्ट्या पुन्हा सुरू झाल्या. ज्या घरात मी लग्नात आलो, त्या घरातला मुलगा माझ्यामुळे वाचतोय की जातोय, हे मला कळायला मार्ग नव्हता. मित्रांनो, एवढा वाईट दिवस माझ्या आयुष्यात दुसरा आला नाही.

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर ज्योतीरामने मला मोटारसायकलच्या मागे बांधलं आणि मोशीला आणलं. दार उघडलं. अजिंक्य पलंगावर उशीला टेकून बसला होता. चेहरा पांढराफटक, पण बसला होता! पोटात फार गेलं नव्हतं आणि गेलेलं वेळेवर उलटून पडलं होतं, म्हणून डॉक्टरांनी घरी सोडलं होतं. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं.

पूनम कोपऱ्यात बसून रडत होती. आक्काबाई पिंपळे गुरवहून आल्या होत्या. आता पूनमची खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं. त्यांनी माझ्या आत हात घातला, सगळीकडून फिरवला आणि सुनेशेजारी जाऊन बसल्या.

"रडू नगंस. तुला आंबील शिकवली म्या. भांडं शिकवायचं ऱ्हायलं. त्यो दोष माझा हाय, तुझा न्हाई."

"मी पुन्हा कुणाला काही पाजणार नाही, आई," पूनम म्हणाली. "कोण पिईल आता माझ्या हातचं?"

ज्योतीराम अजून दारातच उभा होता. तो संकोचत म्हणाला, "मी पितो की वहिनी. साठ माणसांसमोर स्वतःची चूक सांगून सगळं सांडलंत तुम्ही. दुसरं कुणी गप बसलं असतं. तुमच्या हातचं प्यायला भ्या कशाचं? उद्याच आणा. स्टीलच्या डब्यात आणा म्हंजे झालं."

पूनमने डोळे पुसले. धनेश सुपरवायझरांना पटवायला चार दिवस गेले, पण शेजारणीकडचेही डबे मागून आणून भरले, ते गेले आणि रिकामे होऊन परत आले. स्टीलच्या डब्यांचं मी पहिल्यांदाच मनापासून कौतुक केलं.

मी पुन्हा बाल्कनीत आहे. अजिंक्य कल्हईवाल्याचा शोध घेतोय, अजून कुणी मिळालेला नाही. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं पितळी भांडं असेल. ते बाहेरून हवं तेवढं चमकवा. पण त्यात काही ओतण्याआधी एकदा वाकून आत बघा, आणि काय बघायचं ते कळत नसेल तर घरातल्या जाणत्या माणसाला हाक मारा. आत सगळीकडे करडं, पांढरं दिसलं तर खुशाल भरा. पिवळं दिसलं, तर ते कितीही झळकत असलं तरी त्याला पालथं घाला.