सुरातला होकार

आमच्या भावोजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, आराखड्याचं वेड. निवृत्त होईपर्यंत कारखान्याच्या नियोजन खात्यात होते, तिथलं वेड घरी घेऊन आले. घरी बायको ऐकेना, म्हणून आमच्या गाणाऱ्या मंडळाच्या मागे लागले.

मंडळ आमचं. मी आणि माझ्या नवऱ्यानं माझ्या शिवणाच्या दुकानात सुरू केलेलं, कापायचं टेबल भिंतीला सरकवून. नवरा बस चालवायचा; आवाज असा की शेवटच्या सीटवर झोपलेला माणूस दचकून उठावा. नियम एकच, नव्या माणसाला दोन जुन्यांच्या मध्ये उभं करायचं. एकट्याला कुणालाही गायला लावायचं नाही. दोन्हीकडून कानात सूर पडत राहिला की माणूस आपसूक सुरात येतो. भावोजी आले तेव्हा त्यांचा गळा म्हणजे गंजलेली बिजागरी. त्यांना आम्ही दोघांनी मध्ये घेतलं. वर्ष गेलं हो त्या माणसाला सुरात आणायला!

होकार द्यायचीही आमची एक तऱ्हा होती. एखादी गोष्ट मंजूर असली की सगळ्यांनी मिळून तोंड मिटून एक सूर धरायचा. हात वर करा, मोजा, असली भानगड नाही. दुकानात दहा-बारा डोकी, कोण गप्प बसलंय ते लगेच कळायचं.

मग नवऱ्याला झटका आला. हातपाय वाचले, बोलणं गेलं. पाणी हवं असलं तरी नुसतं "त... त..." आणि मग रागानं टेबलावर मूठ. डॉक्टर म्हणाले, बोलणं गेलं तरी गाणं शाबूत असू शकतं. मला काही खरं वाटेना. तरी मंडळात नेऊन दोघांच्या मध्ये उभा केला, आणि काय सांगू! अख्खं कडवं म्हटलं त्यानं, शब्दन् शब्द. मी रडत रडतच गायले. तेव्हापासून मंडळाच्या संध्याकाळी माझा नवरा बोलायचा आणि बाकीचे दिवस मी त्या आधारावर ढकलायचे.

मंडळ वाढत गेलं. दुकान पुरेना म्हणून वाचनालयाच्या वरचा हॉल घेतला, तोही पुरेना. तेव्हा एका संध्याकाळी भावोजी भिंतीवर पडदा लावून उभे राहिले. 'पुढच्या पाच वर्षांची दिशा.' वर जाणारे बाण, गोलात गोल, त्यात आणखी गोल. मला आधी हसूच आलं. मग मुद्दा आला. प्रत्येकानं बाहेरून बोलावलेल्या एका संगीतशिक्षिकेपुढे एकट्यानं दोन ओळी गायच्या. जमलं तर मंचावर. नाही जमलं तर 'स्नेही सदस्य', म्हणजे खुर्चीत बसून टाळ्या पिटायच्या.

मी ताडकन उठले. "एकट्यानं? भावोजी, तुम्ही आलात तेव्हा गायला असतात का एकट्यानं?"

लोक हसले. ते नाही हसले. "वहिनी, तेव्हा आपण मूठभर होतो. आता वाढायचं तर दर्जा नको? घरगुती कारभार किती दिवस चालवणार?"

"आणि तुमच्या दादाचं काय?"

"नियम सगळ्यांना सारखा. दादाला सूट दिली तर तो त्याचाच अपमान नाही का?"

वा रे वा! करून सवरून वर मानपानाच्या गोष्टी.

"तर मग मंजुरी घेऊ या," ते म्हणाले, "आपल्या पद्धतीनंच." बाकी सगळं जुनं मोडीत काढलं, ही पद्धत मात्र बरोब्बर ठेवली. त्यांनी सूर दिला आणि भरलेल्या हॉलनं तो उचलला. मी दात आवळून गप्प बसले. कुणाला पत्ता लागला? एवढ्या गळ्यांत एकीचं गप्प बसणं ऐकू येतं होय! आणि माझ्या शेजारून तोच सूर निघाला, भरदार, मोकळा. माझा नवरा. सगळे गातात म्हटल्यावर त्याच्यानं राहवायचंच नाही. मी त्याचा दंड दाबला. त्यानं माझ्याकडे बघितलं, हसला, आणि आणखी मोठ्यानं लावला.

"बघा, दादाचाही होकार आहे," भावोजी म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शिक्षिका बिचारी वाईट नव्हती. परीक्षेच्या दिवशी तिनं नवऱ्याला पाणी दिलं, "सावकाश" म्हणाली. तो उभा राहिला, ओठ हलले. "त... त..." कपाळावर घाम. मला बघवेना, मी दारातूनच ओळ उचलली, तशी त्यानं धरली आणि दोन्ही ओळी म्हटल्या. शिक्षिकेनं डोळे पुसले आणि भावोजींकडे बघितलं. ते कागदात बघत होते.

"वहिनी, बाहेरची मदत धरता येत नाही," ते म्हणाले.

बाहेरची! मी माझी परीक्षा दिलीच नाही.

मंडळाच्या कार्यक्रमाला आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. उपकारच म्हणायचे. पहिलंच गाणं दुकानातलं, आमचं सगळ्यांत जुनं. दुसरी ओळ आली आणि नवरा उठून उभा राहिला. समोरून एवढा सूर येत होता, तो त्याला पुरला. स्वच्छ शब्द. मागचे लोक माना लांब करून बघायला लागले. मंचावर मधोमध भावोजी. गाणं न थांबवता त्यांनी दादाकडे डोळे वटारले आणि ओठांवर बोट ठेवलं.

नवरा गाता गाता थांबला. हातानं खुर्ची चाचपत खाली बसला.

नंतर भावोजी आले. "रागावू नका वहिनी, रेकॉर्डिंग चालू होतं."

"मी कोण रागावणारी," मी म्हटलं. "आम्ही बाहेरचे."

दुसऱ्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. टेबल भिंतीला सरकवलं, नवऱ्याला मध्ये उभा केला. दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं. म्हटलं, एका बाजूनं तर एका बाजूनं. तेच गाणं सुरू केलं. पहिली ओळ मी म्हटली. तो गप्प. परत म्हटली. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं हात उचलला आणि माझ्या ओठांवर बोट ठेवलं.